समीक्षाचे रिकामे गोल

"वेळ पुरला नाही का गं?"

"पुरला, मॅडम."

"मग हे काय आहे?"

समीक्षा पेनाचं टोपण काढत-घालत राहिली. माझ्या हातात तिच्या सराव परीक्षेची उत्तरपत्रिका होती आणि तिच्यावर रिकाम्या गोलांच्या रांगाच्या रांगा. वर्गात पहिली येणारी मुलगी ही. फळ्यावर माझं वजाबाकीचं चिन्ह चुकलं तर मी खडू खाली ठेवायच्या आत हिचा हात वर असतो. आणि तिला मार्क ओमकारपेक्षा कमी! ओमकारची सगळी दप्तरसामग्री म्हणजे कानामागे खोचलेलं एक पेन.

"येत नव्हते ते सोडले," ती शेवटी म्हणाली.

मी कपाळावर हात मारून घेतला. स्टाफरूममध्ये एकटीने मारायचा असतो तो मी वर्गात सगळ्यांसमोर मारला.

चौक गावाच्या पुढे, खालापूर तालुक्यातल्या एका अनुदानित शाळेत मी गणित-विज्ञान शिकवते. राहते कर्जतला. रोज स्कूटीवरून जाऊन-येऊन करते. आठवीच्या शिष्यवृत्तीचा जादा तास माझ्याकडे कसा आला, तर एका वर्षी स्टाफ मीटिंगला मी उशिरा पोचले. हजर नसलेल्या माणसाच्या गळ्यात जे पडतं ते पडलं. तेव्हापासून सुटका नाही.

आता ही परीक्षा काय असते ते सांगते, कारण बऱ्याच पालकांनाही धड माहीत नसतं. शाळेत आम्ही तिला नुसतं एनएमएमएस म्हणतो. आठवीतल्या मुलांसाठी असते. घरचं उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत हवं आणि शाळा सरकारी किंवा अनुदानित हवी. दोन पेपर. एक बुद्धिमत्तेचा, म्हणजे आकड्यांच्या मालिका, वेगळा घटक ओळखा, आरशातली आकृती वगैरे. दुसरा शाळेच्या विषयांचा. प्रत्येकी नव्वद प्रश्न, नव्वद मिनिटं. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय, उत्तरपत्रिकेवर चार गोल. बरोबर वाटेल तो गोल पेनाने काळा करायचा. तपासतं मशीन. गोल एकदा काळा केला की केला, खोडाखोड चालत नाही.

दोन्ही पेपरांत किमान टक्के मिळाले की मूल 'पात्र' होतं. पण पात्र होणं म्हणजे शिष्यवृत्ती मिळणं नव्हे. प्रत्येक जिल्ह्याच्या जागा ठरलेल्या असतात. पात्र मुलांतून गुणवत्तेने वर असलेल्यांची 'निवड' होते. ज्याची निवड झाली त्याला नववीपासून बारावीपर्यंत दरवर्षी शिष्यवृत्ती. म्हणजे इथे एकेका मार्काला मारामारी असते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. उत्तर चुकलं तर मार्क कापत नाहीत. एकसुद्धा नाही. तेव्हा गोल रिकामा ठेवणं म्हणजे पंगतीत बसायचं आणि पान पालथं घालायचं. हे मी पहिल्याच तासाला सांगितलं होतं. तरी बाईसाहेबांनी पान पालथं घातलंच.

समीक्षाच्या बाबतीत माझा पारा चढायला कारण होतं. तिचे वडील मोहोपाड्याला एका कंपनीत कंत्राटी कामगार. घरचं थोडं भाताचं शेत, लोधिवलीच्या बाजूला. मोठी बहीण प्रणाली, तीही माझीच विद्यार्थिनी, दहावीला चांगले मार्क पाडून घरी बसली. आता एका फार्महाऊसवर स्वयंपाकाला जाते. मुंबईचे लोक शनिवार-रविवारी येतात त्यांच्या भाकऱ्या थापते. तिच्या वेळी मी घरी जाऊन वडिलांशी भांडले होते, काही उपयोग झाला नव्हता. समीक्षाच्या वेळी पालक सभेला ते स्वतःहून माझ्याकडे आले. म्हणाले, "मॅडम, ही शिष्यवृत्ती आनील तर बारावी काय, फुडं बी शिकू दे. नाय आली तर मला बोलू नका. दहावी बास."

माणूस वाईट नाही. सरळ हिशोबाचा आहे. पण त्या दिवसापासून समीक्षाची अकरावी त्या गोलांत अडकली होती, आणि ती पोरगी गोल रिकामे ठेवत होती.

दुसऱ्या सराव परीक्षेआधी मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'एकही गोल रिकामा नको.' सगळ्यांकडून तीनदा म्हणवून घेतलं. समीक्षाही म्हणाली. पेपर गोळा केले, पहिला तिचाच काढला. परत तेच! थोडे कमी होते, पण होते.

ओमकारची पद्धत सोपी होती. येत नसेल तिथे डोळे मिटून तीन नंबरचा गोल. प्रश्नही वाचत नसे. का म्हणून विचारलं तर म्हणाला, तीन नंबर लकी हाय. त्याच्या वडिलांच्या टेंपोच्या नंबरात तीन आहे म्हणे. ह्या शास्त्रोक्त पद्धतीने त्याला पुन्हा समीक्षापेक्षा जास्त मार्क पडले आणि तो वर्गभर कॉलर ताठ करून फिरला. समीक्षाचा चेहरा असा झाला होता की मला वाटलं आता तरी हिला राग येईल आणि ही ठोकायला शिकेल. 'ठोकणं' हा आमच्या जादा तासाचा शब्द. येत नसताना अंदाजाने गोल काळा करणं.

राग आला, पण भलताच. "मॅडम, येत नाय ते येतंय असं कसं दाखवू?" ती म्हणाली. "खोटं हाय ते."

आता घ्या. शाळेत खोटं बोलू नये हे आपणच शिकवतो.

प्रकरण हेडसरांपर्यंत गेलं. आमचे हेडसर म्हणजे पंचायत समितीच्या मीटिंगहून आले की दोन दिवस धुसफुसत असतात. शेजारच्या शाळांची मुलं निवड यादीत येतात, आपली का येत नाहीत, हा प्रश्न त्यांना तिथे दरवर्षी चारचौघांत विचारला जातो. त्यांनी समीक्षाला केबिनमध्ये बोलावलं.

"बाळ, डोळे मिटायचे आणि ठोकायचं. कळलं?"

समीक्षाने मान हलवली. ती मान होकाराची नव्हती, 'मी जाऊ का' अशी होती. ती गेल्यावर सर माझ्याकडे वळले.

"मॅडम, पोरगी हट्टी आहे."

"हट्टी नाही, सर. काहीतरी वेगळंच आहे."

"काय वेगळं?"

"ते कळलं असतं तर तुमच्या केबिनमध्ये कशाला आले असते?"

सरांनी घंटा वाजवून चहा मागवला. म्हणजे विषय संपला, आता तुम्ही बघा.

शनिवारी शाळा सकाळची असते. त्या शनिवारी दुपारी मी कर्जतला निघाले तर चौक फाट्यापाशी समीक्षा दिसली. आईबरोबर रस्त्याच्या कडेला बसली होती. श्रावणाचे दिवस. पुढ्यात पाटीभर टाकळा, कुर्डू अशा रानभाज्या, आणि पळसाच्या पानांवर अळंबी. अळंबी म्हणजे रानातली भुईछत्री, आमच्याकडे पावसात वारुळांवर उगवते. मटणाच्या तोंडात मारेल अशी भाजी होते तिची. विकत मिळतं ते पांढरं मशरूम तिच्यापुढे काहीच नाही. हायवेवरचे गाडीवाले त्यासाठी थांबतात. पण तिच्यासारख्याच दिसणाऱ्या काही छत्र्या विषारी असतात, म्हणून जो तो आणत नाही. ज्यांना ओळख आहे तेच आणतात.

मी स्कूटी बाजूला घेतली. एक गाडीवाले गृहस्थ अळंबीचा वाटा घेत होते. समीक्षाच्या आईने, सुरेखाताईंनी, वाटा पिशवीत भरता भरता दोन छत्र्या उचलल्या, उलट्या करून पाहिल्या आणि मागे गवतात टाकून दिल्या. गृहस्थ म्हणाले, अहो असू द्या, चांगल्या तर दिसतायत. ताई म्हणाल्या की वळख पटत नाय, तुमाला दुसऱ्या देते. गृहस्थ हसले. पण ताई हसल्या नाहीत आणि शेजारी बसलेली समीक्षाही हसली नाही. तिच्या तोंडावर तेच भाव होते जे हेडसरांच्या केबिनमध्ये होते.

गाडी गेल्यावर मी ताईंपाशी उकिडवी बसले आणि सगळं सांगितलं. परीक्षा कशी असते, ही गोल कसे सोडते, किती मार्क जातात. माझी खात्री होती की शिकवण आईचीच आहे, तेव्हा तिचीच समजूत घालावी लागणार. मी चांगली लांबलचक तयारी केली होती.

ताईंनी एकच विचारलं, "चुकलं तर मार्क कापतात?"

"नाही."

"फी-बी परत भरावी लागते?"

"अजिबात नाही."

"मंग लिव्हायला काय जातं हिचं?" त्या समीक्षाकडे वळल्या. "आगं, मंग ठोक की! कागद हाय तो, कालवन नाय."

मी चाटच पडले. माझी सगळी तयारी वाया. आईने एका वाक्यात विषय उडवला होता. पण समीक्षाचं तोंड काही उजळलं नाही. उलट डोळे भरून आले. कुर्डूची जुडी हातात घेऊन ती तिचा दोरा सोडायला लागली.

"गेल्या पावसाला मीच बोलले व्हते ना," ती म्हणाली. "ही खायचीच हाय म्हनून."

ताईंनी हातातली पिशवी खाली ठेवली.

मग ते बाहेर आलं. गेल्या पावसात आई-बाप शेतात होते. समीक्षा धाकट्या भावाला, आयुषला, घेऊन वारुळावर गेली आणि तिने अळंबी आणली. त्यात काही छत्र्यांची तिला शंका होती. पण भावाला भूक लागली होती, आणि तिने अंदाजाने ठरवलं की खायची आहे. कालवण करून आधी त्यालाच वाढलं. थोड्या वेळात त्याला उलट्या सुरू झाल्या, थांबेचनात. ओमकारच्या वडिलांनी टेंपोत घालून दवाखान्यात नेलं. सलाईन लावलं. दोन दिवसांनी पोरगा घरी आला, ठणठणीत.

"मला कोनी ओरडलंच नाय," समीक्षा म्हणाली. "पपा पन नाय."

पोरीने स्वतःलाच शिक्षा लावून घेतली होती, आणि मी फळ्यावर घोषवाक्यं लिहीत बसले होते.

सुरेखाताईंनी तिला जवळ ओढलं. "तुला ओरडू कशाला? तू घाबरून पांढरी फटक पडली व्हतीस. आनि आयुषचं काय सांगतेस, तो सलाईन लागलेलं असताना वडापाव मागत व्हता. नर्सबाय हसून हसून दमली. मी तर इसरले बी व्हते गं ते." त्या हसल्या, मग पदराने डोळे पुसले, आणि लगेच मला टाकळ्याची जुडी देऊन पैसे नकोत म्हणाल्या. मी कसेबसे पैसे त्यांच्या पाटीखाली सरकवून निघाले.

कर्जतपर्यंत मी स्कूटी चालवली की स्कूटीने मला आणलं, देव जाणे. डोक्यात एकच होतं. ह्या मुलीला 'ठोक' म्हणणं म्हणजे परत तेच कालवण वाढायला सांगणं. ती ते करणार नाही. आणि खरं सांगायचं तर तिने ते का करावं?

सोमवारी मी फळ्यावरचं घोषवाक्य पुसलं. वर्गाला सांगितलं, आजपासून ह्या तासाला ठोकणं बंद. ओमकार दुखावला. मी म्हटलं, तुझं चालू दे, तू जन्मजात आहेस.

मग समीक्षाच्या बाकाशी बसले. एक प्रश्न काढला. रक्त गोठायला मदत करणारी पेशी कोणती? पर्याय चार. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, रक्तपट्टिका, रक्तद्रव.

"येतं?"

"नाय, मॅडम. विसरले."

"उत्तर नको सांगू. ह्यातलं नक्की कुठलं नाही, तेवढं सांग."

ती विचारात पडली. म्हणाली, तांबड्या ऑक्सिजन नेतात, त्या नाहीत. मी म्हटलं, काट मार. पांढऱ्या रोगजंतूंशी लढतात, त्याही नाहीत. काट. रक्तद्रव पातळ असतो, ती पेशीच नाही. काट.

"आता काय राहिलं?"

तिने उरलेल्या पर्यायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हे मला येत नव्हतं," ती म्हणाली.

"मग आता?"

"आता येतंय. हो ना?"

"आई पाटीतून नको ते काढून टाकते. राहतं ते विकते. तू तेच केलंस."

स्पर्धा परीक्षांच्या क्लासवाले ह्याला एलिमिनेशन म्हणतात आणि त्याची वेगळी फी घेतात. आम्ही आपलं 'काट मारणं' म्हणतो. समीक्षाने ते असं उचललं की विचारू नका. पण सौदा केल्याशिवाय ती ऐकणारी नव्हती. दोन-तीन पर्याय उरले तर, तिने विचारलं. मी म्हटलं, बरा वाटेल तो घे. ह्यावर तिने बराच विचार केला आणि कबूल झाली. आणि एकालाही काट मारता आली नाही तर?

ह्याच प्रश्नाची मला भीती होती. तरी म्हटलं, "तर ठेव रिकामा. मी काही बोलणार नाही."

ती खुलली. मी मात्र मनातून हळहळले, कारण ते मार्क फुकटचे होते. पण बहुतेक प्रश्नांना एखादी तरी काट बसतेच. नुकसान थोडं होईल, असा मी हिशोब केला.

हिशोब चुकला. पुढच्या सराव परीक्षेत परत रिकामे गोल! ह्या वेळी सगळे शेवटचे. पोरगी प्रत्येक प्रश्नाला, येणाऱ्यासुद्धा, सगळे पर्याय उलटेपालटे करून काट मारत बसली आणि वेळ संपला. हेडसरांनी पेपर पाहिला आणि चष्मा काढला.

"मॅडम, ही परीक्षेला बसलीय की तांदूळ निवडायला?"

मला हसू आलं, रडूही आलं. मग दोन फेऱ्यांची पद्धत लावली. पहिल्या फेरीत जे डोळ्याला दिसतं ते भराभर उरकायचं. काट मारायची नाही, थांबायचं नाही. राहिलेल्या प्रश्नाला कडेला टिंब द्यायचं, आणि दुसऱ्या फेरीत फक्त टिंबवाले निवडायला घ्यायचे. हे अंगवळणी पडायला दिवाळीची सुट्टी गेली. सुट्टीत आम्ही सकाळी वर्ग भरवायचो. ओमकार डबाभर चिवडा आणायचा आणि पेपरापेक्षा तोच आधी संपायचा. सुट्टीच्या शेवटी समीक्षाचा पेपर वेळेत पुरा झाला. थोडे गोल रिकामे होते, सौद्याप्रमाणे. मी दिलेला शब्द पाळला आणि तोंड बंद ठेवलं. माझ्यासाठी ते सोपं नव्हतं, हे घरचे सांगतील.

परीक्षेचं केंद्र खोपोलीला होतं. ओमकारच्या वडिलांनी टेंपोत सतरंजी अंथरून मुलांना नेलं. मागे मी स्कूटीवर. पहिला पेपर झाला, मधली सुट्टी झाली. मी समीक्षाला काही विचारलं नाही, फक्त पाण्याची बाटली भरून दिली. दुसरा पेपर सुटल्यावर मात्र राहवेना.

"रिकामे किती राहिले गं?"

"निकाल लागल्यावर सांगते, मॅडम."

"अगं, निदान साधारण?"

"निकाल लागल्यावर."

हेडसरांचा फोन आलाच. त्यांना सांगितलं, ती निकालानंतर सांगते म्हणते. म्हणजे काय, ते म्हणाले. मी म्हटलं, म्हणजे निकालानंतर.

ह्या परीक्षेत उत्तरपत्रिकेची कार्बन प्रत मुलांना मिळते. परीक्षा परिषदेची उत्तरसूची आली की मुलं ताडून बघतात. बाकी सगळ्यांनी माझ्यासमोर ताडून पाहिली. समीक्षाने आणलीच नाही. घरी हाय, म्हणाली. मी रोज विचारायची, ती रोज तेच सांगायची. ओमकार म्हणाला, मॅडम, तिचा पेपर गेला असंल. मी त्याला गप्प बसवलं, पण रात्री मला तेच वाटायचं. सौदा केला नसता तर बरं झालं असतं, आईला बसवून सक्तीच केली असती तर, असले विचार. वडील एकदा फाट्यावर भेटले. काय म्हनतीय परीक्षा, म्हणाले. मी म्हटलं, बघू. ते म्हणाले, बगू.

निकाल लागला तेव्हा मी सातवीच्या तासावर होते. शिपायाला न पाठवता हेडसर स्वतः दारात आले, तेव्हाच काहीतरी असल्याचं कळलं. निवड यादी त्यांच्या मोबाईलवर उघडली होती आणि ती खाली सरकवायला गेले की दर वेळी भलतंच काहीतरी उघडत होतं. मी फोन घेतला. रायगडची यादी काढली. बैठक क्रमांक मला पाठ होता.

"आहे?" सर म्हणाले.

"आहे."

"नीट बघा."

"सर, आहे. नावानिशी आहे. आईच्या नावासकट आहे."

सर सातवीच्या पहिल्या बाकावर, मुलांच्या शेजारी, मटकन बसले. माझा जीव भांड्यात पडला तो असा की मी त्या वर्गाला राहिलेला तास गोष्ट सांगितली. कोणती ते आठवत नाही. ओमकारही पात्र झाला होता, निवड यादीपर्यंत पोचला नव्हता. त्याने फार मनाला लावून घेतलं नाही. म्हणाला, तीन नंबरने दगा दिला.

दुसऱ्या दिवशी वडील कंपनीच्या गणवेशातच पेढे घेऊन आले. हेडसरांना दिले, मला दिले, शिपायाला दिले. मग म्हणाले, "बोललो व्हतो ना, मॅडम. आता माझं काय बी म्हननं नाय." आणि जाता जाता दारातून वळून विचारलं की प्रणालीला बाहेरून बारावीला बसता येतं का. मी म्हटलं, येतं. उद्याच पाठवा. डोळ्यांत पाणी यायला मला तेवढं पुरलं.

मधल्या सुट्टीत समीक्षा आली. हातात कार्बन प्रत, चार घड्या घातलेली.

मी ती उघडली. वरून खालपर्यंत पाहिली. मागची बाजू पाहिली. दुसऱ्या पेपराची पाहिली. एकही गोल रिकामा नव्हता.

"सगळ्यांना काट बसली?" मी विचारलं.

"नाय. आकृत्यांचे दोन व्हते. त्यात कायच कापता येईना."

"मग?"

ती लाजली. "ओमकारचा तीन नंबर टाकला."

सौदा माझा होता आणि तो तिने मोडला होता. हे तेव्हा का नाही सांगितलंस म्हटलं, तर म्हणाली, आधी काय होतंय ते बघायचं होतं. उत्तरसूची तिने घरी एकटीने ताडून पाहिली होती. त्या दोन प्रश्नांवर तिने पेन्सिलने खूण केली होती. मी पाहिलं. एक बरोबर आला होता. दुसऱ्यावर तिने बोट ठेवलं.

"हा चुकला, मॅडम," ती म्हणाली. "पन काय झालं नाय."

हे तिने असं सांगितलं की जणू परीक्षेतली मोठी बातमी हीच होती. निवड वगैरे नंतर.

आता मी आठवीच्या पहिल्या जादा तासाला एक प्रश्न घालते. कुणालाच येणार नाही असा, मलाही धड येत नाही असा. नियम एकच, गोल सगळ्यांनी काळा करायचा. बहुतेकांचा चुकतो. मग मी सगळ्यांना वर बघायला सांगते. छप्पर जागेवर असतं. पुढच्या प्रश्नाकडे वळतो.